जर्मनीत पीआर काढायचाय? तयारी पहिल्या महिन्यापासून सुरू करा

मी ऑक्टोबर २०२१ मध्ये ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित नोकरदारांचं परमिट) जर्मनीत आले आणि पीआरचा, म्हणजे कायम राहण्याच्या परवानगीचा, विचार केला थेट दोन वर्षांनी, तोही ऑफिसमधल्या एका ताईने विचारलं म्हणून, की अगं तुझे २१ महिने कधीच होऊन गेले असतील ना, अर्ज टाकलास का? महिने खरंच झाले होते पण बी१ चं (जर्मन भाषेच्या मधल्या पातळीचं) सर्टिफिकेट हातात नव्हतं, जर्मनीबद्दलच्या माहितीची टेस्ट दिलेली नव्हती आणि पेन्शनचा उतारा काढतात कुठून हेही माहीत नव्हतं. त्यात जे पाच-सहा महिने गेले ते तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सगळं लिहितेय.

सगळ्यात आधी आपला रस्ता कुठला ते बघा, कारण सगळ्यांना एकच नियम नाही. इथल्या पीआरचं खरं नाव नीडरलासुंगसएरलाउबनिस. ब्लू कार्ड असेल तर बी१ जर्मन असताना २१ महिन्यांत मिळतो, आणि नुसतं ए१ (भाषेची अगदी पहिली पातळी) असेल तर २७ महिन्यांत (आधी हे ३३ होते, नोव्हेंबर २०२३ मध्ये कमी झाले). ब्लू कार्ड नाही पण स्किल्ड वर्करचं परमिट आहे तर ३ वर्षं आणि पेन्शनचे ३६ महिने, आणि डिग्री इथल्याच युनिव्हर्सिटीची असेल तर २ वर्षं आणि २४ महिने. दोन्हीकडे बी१ लागतंच. यातलं काहीच लागू नसेल तर सर्वसाधारण रस्ता ५ वर्षांचा, पेन्शनचे ६० महिने. मुदती वेगवेगळ्या असल्या तरी तीन गोष्टी सगळीकडे आहेतच: पेन्शनचे महिने, भाषा आणि टेस्ट.

पेन्शनबद्दल नीट वाचा, कारण इथेच बरेच जण चुकतात. तुम्ही किती महिने जर्मनीत राहिलात ते मोजून भागत नाही, तुमच्या नावावर जर्मन पेन्शनमध्ये किती महिने पैसे जमा झाले ते बघतात. भारतातल्या कंपनीने डेप्युटेशनवर पाठवलंय आणि पीएफ तिकडेच कापला जातोय अशी बरीच मंडळी असतात. भारत आणि जर्मनीत सोशल सिक्युरिटीचा करार आहे, २०१७ पासून लागू, त्यामुळे तिकडचं सर्टिफिकेट दाखवलं की इकडे पेन्शन कापत नाहीत. पगार हातात थोडा जास्त येतो पण पीआरसाठी ते महिने शून्य. म्हणून इथे राहायचं मनात असेल तर लोकल कॉन्ट्रॅक्टवर कधी येणार हे मॅनेजरला लवकर विचारा, दोन वर्षांनी विचारून तो काळ परत येत नाही.

जमा झालेल्या महिन्यांचा कागद म्हणजे फरझिशरुंग्सफरलाउफ, तो डॉइचे रेंटेनफरझिशरुंग या इथल्या सरकारी पेन्शन संस्थेकडून फुकट मिळतो, ऑनलाइन मागवता येतो नाहीतर पोस्टाने घरी येतो. एक वर्ष झालं की एकदा मागवून बघाच. त्यात चालू वर्षाचे महिने दिसत नाहीत म्हणून मी घाबरले होते, मला वाटलं कंपनीने पैसे भरलेच नाहीत, पण तसं नसतं, कंपनी पूर्ण वर्षाची माहिती पुढच्या वर्षी फेब्रुवारीपर्यंत कळवते, त्यामुळे चालू वर्षासाठी पगाराच्या स्लिपा जोडायच्या, त्यावर पेन्शनची कपात लिहिलेली असते. म्हणूनच पहिल्या महिन्यापासूनची प्रत्येक स्लिप पीडीएफमध्ये स्वतःकडे ठेवा, नोकरी बदलली की जुन्या कंपनीचं पोर्टल बंद होतं आणि मग एचआरच्या मागे लागावं लागतं.

आता भाषा. ए१ वर २७ महिन्यांत पीआर मिळतो हे खरं आहे, तरी माझं मत आहे की बी१ कराच, आणि पहिल्या हिवाळ्यातच क्लास लावा. ऑफिसात सगळं इंग्रजीत चालतं म्हणून आपण पुढे ढकलतो आणि मग शेवटी तीन महिन्यांत उरकायला बघतो, ते होत नाही. शिवाय नोकरी गेली, ब्लू कार्ड सुटलं तर बाकीच्या सगळ्या रस्त्यांना बी१ लागतंच, आणि नवऱ्याचं किंवा बायकोचं पीआर करायचं तरी त्यांना बी१ लागतं. परीक्षा गोएथे किंवा टेल्क या संस्थांची द्या, ही सर्टिफिकेटं पीआरचा अर्ज घेणाऱ्या फॉरेनर्स ऑफिसात निमूट घेतात, कुठल्यातरी ऑनलाइन क्लासचं हजेरीचं सर्टिफिकेट चालत नाही.

टेस्टचं नाव लेबेन इन डॉइचलँड. सोपी आहे, खरंच. ३३ प्रश्न, ६० मिनिटं, त्यातले ३० देशाबद्दल आणि ३ तुमच्या राज्याबद्दल. सगळे प्रश्न आधीच जाहीर केलेले आहेत, ३०० सगळ्यांना सारखे आणि १० तुमच्या राज्याचे, त्यातूनच येतात, बाहेरचा एकही नाही. पीआरला १५ बरोबर आले तरी पुरतं, पण १७ आणाच, कारण १७ असतील तर तोच कागद पुढे नागरिकत्वालाही चालतो. फी २५ युरो, बहुतेक ठिकाणी फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे मोठ्यांसाठीच्या स्थानिक शिक्षण केंद्रात, होते. अभ्यास दोन वीकेंडचा, पण तारीख मिळायला वेळ लागतो आणि रिझल्टचा कागद पोस्टाने यायला अजून काही आठवडे, म्हणून हे बी१ च्याही आधी उरकून टाका.

नावाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण हा खास आपला मराठी लोकांचा त्रास आहे आणि याबद्दल कोणी आधी सांगत नाही. आपल्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. इथे आल्यावर पहिली नोंदणी, म्हणजे आन्मेल्डुंग, घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते, घरमालकाच्या सहीचा कागद घेऊन. तिथला माणूस पासपोर्ट बघून ती दोन्ही नावं जशीच्या तशी तुमचं पहिलं नाव म्हणून टाकतो. मग टॅक्स आयडी त्याच नावाने येतो, इन्शुरन्स कार्डावर तेच, आणि बँकेत मात्र आपण सवयीने फक्त स्वतःचं नाव आणि आडनाव लिहिलेलं असतं. त्यात आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं आणि कधीकधी शेवटी आईचं, त्यामुळे इथला माणूस आईचं नाव हेच आडनाव समजतो. बायकांचं तर आणखी अवघड, डिग्री माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने, आणि बदललंय फक्त आडनाव नाही तर मधलं नावसुद्धा. हे त्यांना समजतच नाही, लग्नानंतर मधलं नाव कसं काय बदललं असं मला काउंटरवर दोनदा विचारलं.

यावर उपाय एकच, पासपोर्टवर जसं आहे तसंच अक्षर न अक्षर सगळीकडे लिहायचं, घराच्या करारापासून भाषेच्या परीक्षेच्या फॉर्मपर्यंत. परीक्षेचा फॉर्म भरताना विशेष जपा कारण ते सर्टिफिकेट नंतर दुरुस्त करून घेणं फार कटकटीचं आहे. मॅरेज सर्टिफिकेटचं भाषांतर इथल्या कोर्टाने मान्यता दिलेल्या, शपथ घेतलेल्या अनुवादकाकडून करून ठेवा. आणि मी एक पानाचं पत्र जोडलं होतं साध्या जर्मनमध्ये, की महाराष्ट्रात नावात वडिलांचं नाव येतं, लग्नानंतर तिथे नवऱ्याचं नाव येतं, माझी नावं अमुक कागदावर अशी आणि तमुक कागदावर तशी, माणूस एकच आहे. कोणी मागितलं नव्हतं पण त्या पत्राने काम फार सोपं झालं. लग्न झाल्यावर पासपोर्टवर नाव बदलायचं असेल तर अर्ज टाकायच्या बरंच आधी बदला नाहीतर पीआर हातात आल्यावर, अर्ज चालू असताना मध्येच अजिबात नको.

अर्ज आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे आपण फॉरेनर्स ऑफिस म्हणतो तिथे. कागदांची यादी प्रत्येक शहराची थोडी वेगळी असते, त्यामुळे मित्राने दुसऱ्या शहरात काय दिलं यावर जाऊ नका, स्वतःच्या शहराच्या साइटवरची यादी घ्या. साधारणपणे फॉर्म, पासपोर्ट, आत्ताचं कार्ड, नोकरीचा करार, कंपनीचं हल्लीच्या तारखेचं पत्र की नोकरी चालू आहे आणि नोटीस दिलेली नाही, शेवटच्या तीन स्लिपा, पेन्शनचा उतारा, हेल्थ इन्शुरन्सचं पत्र, घराचा करार, भाषा, टेस्ट. फी बहुतेकांना ११३ युरो. फोटोचं लक्षात ठेवा, मे २०२५ पासून कागदावरचा फोटो घेत नाहीत, मान्यता असलेल्या स्टुडिओतून डिजिटल काढायचा, ते कोड देतात, किंवा ऑफिसातल्या मशीनवर ६ युरोत. नवीन नोकरी नुकतीच लागली असेल तर प्रोबेशन संपू द्या, बऱ्याच ठिकाणी प्रोबेशनमध्ये असताना अर्ज बाजूलाच ठेवतात, त्यामुळे पीआर अगदी जवळ आला असताना नोकरी बदलायची का याचा शांतपणे विचार करा.

अपॉइंटमेंट मिळत नाही ही सगळ्यांचीच तक्रार आहे. आमच्या शहरात मला चार महिने उत्तरच आलं नव्हतं आणि कार्ड संपायला आलं होतं, रात्री झोप लागायची नाही. तेव्हा हे माहीत असतं तर बरं झालं असतं: आत्ताचं परमिट संपायच्या आत अर्ज पोचला असेल तर निर्णय होईपर्यंत जुनं परमिट चालू धरलं जातं, कायद्यातच तसं आहे. त्याचा कागद म्हणजे फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग, आम्ही नुसतं फिक्शन लेटर म्हणतो. तो मागून घ्या, तो असेल तर कामही करता येतं. भारतात जाऊन यायचं असेल तर त्यावर रहिवास कायद्याच्या कलम ८१ चा परिच्छेद ४ असल्याची खूण आहे का ते बघा, परिच्छेद ३ वर खूण असेल तर बाहेर जाऊ नका, परत येताना अडवतील. अर्ज पोचल्याचा पुरावा, म्हणजे ऑनलाइन सबमिट केल्याची पावती किंवा रजिस्टर पोस्टाची चिठ्ठी, जपून ठेवा. आणि सगळे कागद दिलेले असूनही तीन महिने काहीच हालचाल नसेल तर प्रशासकीय कोर्टात दावा लावता येतो, त्याआधी वकिलाचं एक पत्र गेलं तरी पुष्कळदा फाइल हलते.

नवरा-बायकोचं सांगायचं तर एकाला पीआर मिळाला म्हणून दुसऱ्याला आपोआप मिळत नाही, प्रत्येकाचा वेगळा अर्ज. पण ५ वर्षांच्या रस्त्यात पेन्शनचे महिने दोघांपैकी एकाचे पूर्ण असले तरी चालतात, आणि स्किल्ड वर्कर किंवा ब्लू कार्डवरून पीआर मिळालेल्याच्या जोडीदाराला आठवड्याला २० तास नोकरी असेल तर ३ वर्षांत करता येतो.

आणि ज्यांच्या घरी बाळ येणार आहे त्यांनी हे वाचाच. बाळ जर्मनीत जन्मलं, त्या दिवशी आई किंवा बाबा कायदेशीरपणे ५ वर्षं इथे राहत असतील आणि त्यांच्या हातात पीआर असेल तर बाळ जन्मतःच जर्मन नागरिक होतं. दोन्ही अटी जन्माच्या दिवशी पूर्ण हव्यात. माझी एक मैत्रीण सहा वर्षं इथे होती, पीआरला पात्र कधीच झाली होती, पण परमिट चालू आहे ना, काय घाई आहे म्हणून अर्जच केला नाही, आणि तिचा पीआर आला तो मुलगी झाल्यावर पाच आठवड्यांनी. एवढ्या अंतराने सगळं बदललं. जर्मन नागरिक झालेल्या बाळाला भारतीय पासपोर्ट ठेवता येत नाही, त्याच्यासाठी ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) काढतात, तर तुम्हाला काय हवंय ते घरी बोलून ठरवा, पण ठरवायची संधी तरी हातात राहू दे.

पीआर मिळाल्यावर नोकरी कुठलीही करता येते, स्वतःचा धंदाही. पण तो फक्त जर्मनीचा आहे, बाकी शेंगेन देशांत १८० दिवसांतले ९० दिवस फिरायला जाता येतं, तिथे नोकरी नाही. आणि सलग ६ महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर पीआर रद्द होतो. आईवडील आजारी असले की आपल्यापैकी कोणावरही ही वेळ येते, तेव्हा जायच्या आधी फॉरेनर्स ऑफिसला लिहून जास्त मुदत मागा, तशी सोय कायद्यात आहे, गेल्यावर मागू नका. नागरिकत्व जून २०२४ पासून ५ वर्षांत मागता येतं आणि जर्मनीला दोन पासपोर्ट चालतात, पण भारताला चालत नाहीत, त्यामुळे आपल्याला भारतीय पासपोर्ट सोडावाच लागतो. मी अजून पीआरवरच आहे.

कार्डाची मुदत पासपोर्टपुरती असते, जास्तीत जास्त १० वर्षं. पीआर संपत नाही, प्लास्टिकचं कार्ड संपतं. त्यामुळे पासपोर्ट वर्षभरात संपणार असेल तर आधी दूतावासातून नवा करून घ्या आणि मग अर्ज टाका, नाहीतर नवा पासपोर्ट आला की ६७ युरो भरून परत कार्ड काढायचं आणि परत त्याच अपॉइंटमेंटच्या रांगेत उभं राहायचं. कार्डाबरोबर पोस्टाने वेगळं पिनचं पत्र येतं, पाच आकडी, ते फेकू नका, त्यावरून स्वतःचा सहा आकडी पिन सेट केला की पेन्शनच्या साइटवर कार्डानेच लॉगिन होतं. कार्ड घ्यायला गेलात की काउंटरवरून हलायच्या आधी नाव, जन्मतारीख आणि जन्मगावाचं स्पेलिंग पासपोर्ट समोर धरून वाचा, आणि खाली नीडरलासुंगसएरलाउबनिस हा शब्द छापलाय ना तेही बघा. चूक असेल तर तिथेच सांगा.