साताऱ्याहून दिल्लीचं विमान: वेळ उलटी मोजत जा

पुणे ते दिल्ली हवाई अंतर साधारण १,१५० किलोमीटर. ताशी ८०० ते ८५० च्या वेगाने ते दीड तासाच्या आत संपायला हवं, पण तिकिटावर दोन-सव्वादोन तास लिहिलेले असतात. धावपट्टीपर्यंत सरकणं, उंची गाठणं, दिल्लीत उतरायला नंबर लागेपर्यंत थांबणं, हे सगळं त्यात धरलेलं असतं. सातारकराचं विमान चुकतं ते मात्र जमिनीवर, पुण्याच्या लोहगाव विमानतळापर्यंतच्या सव्वाशे किलोमीटरमध्ये.

तेव्हा आधी कागदावर वेळ उलटी मांडा. विमान दुपारी २ चं असेल तर सामानाचा काउंटर १ वाजता बंद होतो, म्हणून १२ ला टर्मिनलवर. रस्त्याचे तीन तास, वर एक तास राखीव. म्हणजे सकाळी ८ ला घर सोडायचं. राखीव तास खंबाटकी, शिरवळ किंवा नवले पूल यांपैकी कोणी ना कोणी खातंच. रविवारी संध्याकाळी निघणार असाल तर आणखी एक तास वाढवा. महाबळेश्वर-पाचगणीहून परतणाऱ्या गाड्या सुरूर फाट्यावर हायवेला लागतात. फास्टॅगमध्ये पैसे आदल्या रात्रीच भरा, वाटेत आनेवाडी आणि खेड शिवापूर असे दोन टोलनाके आहेत. एसटीने स्वारगेटला उतरलात तर मेट्रोने रामवाडी, मध्ये जिल्हा न्यायालयाला गाडी बदलून, तिथून रिक्षा. जड बॅगा असतील तर हा खटाटोप नको.

मध्यरात्रीनंतरच्या विमानाची तारीख दोनदा वाचा. १५ तारखेला रात्री १२:४० चं विमान म्हणजे १४ च्या संध्याकाळीच सातारा सोडायचा.

बॅगेचं वजन घरीच करा: बहुतेक कंपन्यांत हातातल्या बॅगेत ७ किलो, काउंटरवर देऊन खाली जाणाऱ्या बॅगेत १५ किलो. कंदी पेढे खुशाल हातात घ्या. सुकं खोबरं मात्र घरीच राहू द्या. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं म्हणून विमानात चालत नाही, आणि देवाचा प्रसाद आहे म्हणून कोणी सोडत नाही. तेल सुटलेलं लोणचं हातातल्या बॅगेत नको, नीट सील करून खालच्या बॅगेत. पॉवर बँकेचं उलट: ती हातातच. २०,००० एमएएचची म्हणजे सुमारे ७४ वॉट-तास, मर्यादा १०० ची. आकडा पुसला गेला असेल तर तपासणीत अडकवतात.

तिकिटावरचं नाव आधारशी अक्षर न् अक्षर जुळवा, वेब चेक-इन आदल्या दिवशी उरका. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे, खिडकीतून फोटो काढू नका.

डिसेंबर-जानेवारीत सकाळचं विमान टाळा. दिल्लीच्या धुक्यात पहाटेची विमानं अडकतात आणि तेच विमान पुण्याला यायचं असतं. दिल्लीत टर्मिनल कोणतं ते बघून ठेवा: १ असेल तर मेट्रोची मजेंटा लाइन, ३ असेल तर एअरपोर्ट एक्सप्रेस, जी २० मिनिटांच्या आसपास नवी दिल्ली स्टेशनला सोडते. ही दोन टर्मिनल एकमेकांपासून चालत जाण्याइतकी जवळ नाहीत; परतीच्या वेळी टॅक्सीवाल्याला आकडा आधी सांगा.