सिटीज स्कायलाइन्समध्ये शहर पुरापासून कसं वाचवायचं

पावसाळ्यात उजनी किती टक्के भरलं आणि दौंडवरून किती क्युसेक येतंय हे आपल्या सोलापुरात पोराटोरांना पण माहीत असतं. पाण्याकडं आधीच लक्ष ठेवायची ही सवय सिटीज स्कायलाइन्स या शहर उभारायच्या व्हिडिओ गेममध्ये लय कामाला येते (मी २०१५ च्या पहिल्या गेमबद्दल सांगतोय), कारण यातलं पाणी खरंच वाहतं, उतार दिसेल तिकडं जातं आणि अडवलं की फुगून बाजूनं वाट काढतं.

नवीन मॅप उघडला की लगेच पॉज करा. इन्फो व्ह्यूमध्ये टेरेन हाइट (जमिनीची उंची दाखवणारा नकाशा) लावा आणि नदीकाठची सखल पट्टी कुठपर्यंत जाते ते नीट बघून घ्या, तिथं पार्क चालेल पण घरं, हॉस्पिटल, पॉवर प्लांट अजिबात नको. रस्त्याचंही तसंच आहे, सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेचं पाणी चढलं तेव्हा लांबोटीजवळ पुणे हायवे बंद पडलेला आपण बघितलाय, म्हणून शहरात यायला एकच रस्ता आणि तोही सखल पुलावरनं असं ठेवू नका, दुसरा रस्ता उंचावरून काढाच.

आता धरण, सगळ्यात जास्त शहरं इथंच बुडतात. उजनीला दारं आहेत, वरून पाणी यायला लागलं की विसर्ग वाढवून जागा करता येते, गेममधल्या धरणाला ती सोय नाही. ते भरत राहतं आणि भरलं की वरनं सांडतं. त्यामुळं धरणाची दोन्ही टोकं उंच टेकडीत गेली पाहिजेत, एक बाजू जरा जरी खाली राहिली तरी पाणी भिंतीला वळसा घालून सरळ शहरात येतं. भरेपर्यंत खालची नदी आटते, म्हणून पाण्याचे पंप आधीच धरणाच्या वरच्या अंगाला हलवा, पण गटाराचं पाणी सोडतो त्याच्याही वर. आणि भरलेलं धरण कधीच पाडू नका, सगळा साठा एकदम खाली सुटतो.

भिंत शेवटी घाला. फ्लडवॉल रस्त्यासारखी ओढायची, दोन्ही टोकं उंच जमिनीला भिडवायची, मध्ये फट ठेवायची नाही. पण दोन्ही काठांना भिंती घालून पात्र अरुंद केलं तर पाणी वरच्या बाजूला फुगतं, त्यापेक्षा लँडस्केपिंगनं (गेममधली जमीन खणायची-भरायची सोय) पात्र रुंद करा, खणलेली माती गेम साठवून ठेवतो आणि तीच काठावर भरावाला वापरता येते. मला तरी भिंतीपेक्षा हाच उपाय जास्त भरवशाचा वाटतो.

२०१६ चं नॅचरल डिझास्टर्स (गेमला वरून जोडायचा आपत्तींचा भाग) घेतलं असेल तर निवारा केंद्रं उंचावर बांधा, तिथं बसचे रूट आधीच आखून ठेवा आणि वीज, पाणी, अन्न पोचतंय का तपासा. त्सुनामीचा इशारा देणारा बोया (पाण्यावर तरंगणारं यंत्र) फक्त समुद्र असलेल्या मॅपवरच लागतो. पाणी शिरलंच तर पंपिंग सर्व्हिसच्या गाड्या ते उपसतात, पण रस्ताच पाण्याखाली असेल तर गाडी जाणार कुठून, म्हणून तिचा डेपोही उंच रस्त्यालगत हवा. पाणी ओसरलं की निवाऱ्यातल्या लोकांना तुम्हीच बाहेर सोडायचं असतं, तोवर ती तिथंच बसून राहतात.