नव्या गाडीचं ॲव्हरेज: माझा अनुभव

गाडी नवी कोरी, छोटी पेट्रोल हॅचबॅक, आणि पुण्यात ॲव्हरेज जेमतेम ११. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, "पहिल्या सर्व्हिसिंगनंतर वाढेल." वाढलं नाही. एआरएआयचा (गाड्यांची चाचणी घेणाऱ्या संस्थेचा) ॲव्हरेजचा आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो. तो सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये मिळणार नाही हे मान्य, पण ११?

आधी डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबणं सोडलं. एकाच पंपावर, नोझल पहिल्यांदा कट होईपर्यंत टाकी फुल्ल, ट्रिप मीटर शून्य. पुन्हा फुल्ल करताना किलोमीटर भागिले लिटर. तरी तेच.

खरा चोर मागच्या चाकात सापडला. सपाट रस्त्यावर न्यूट्रल केली की गाडी लगेच मरगळायची. फेरी मारून आल्यावर चाकांजवळ हात नेला, तर मागचं डावं चांगलंच तापलेलं, बाकीची कोमट. (थेट हात लावू नका, पोळतो.) पुढच्या चाकांना अडसर लावून, हँडब्रेक सोडून ते जॅकवर उचललं. हाताने फिरवताना ब्रेकच्या ड्रममधून खरखर ऐकू आली. हँडब्रेकची केबल जास्त ताणलेली होती, म्हणून ब्रेक थोडा लागूनच राहायचा. वॉरंटीत सैल करून मिळाली, काम अगदी किरकोळ.

मग हवा. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर ३३ पीएसआय लिहिलंय. पंपावरचा पोरगा न विचारता ३० भरून मोकळा. आता सकाळी, टायर गार असतानाच भरून घेतो.

सध्या शहरात १५ मिळतं, तेही एसी लावून. मंडईपर्यंतच्या चकरांत मात्र इंजिन तापायच्या आत घर येतं आणि ॲव्हरेज पडतं, त्याला इलाज नाही. तिथे स्कूटरच काढतो.