स्लॅब रात्री तापवतो तेव्हा

फोंड्यातल्या आमच्या घराची माडीवरची खोली, मे महिना, रात्रीचे ११, आणि आत नुसती भट्टी. खुर्चीवर चढून छताला हात लावला, तर भाकरी उतरवलेल्या तव्यासारखं ऊबदार! दिवसभर प्यालेलं ऊन स्लॅब रात्री अवरक्त किरणांनी, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांनी, खाली सोडत होता.

आधी छत आणि प्लायवूडच्या मध्ये चकचकीत फॉइल दाबून बसवलं. पैसे पाण्यात. दोन्हीकडून चिकटलेल्या फॉइलमधून उष्णता वहनाने सरळ खाली येते. किरण अडवायला चकचकीत बाजूसमोर हवेची फट लागते. मग पट्ट्या ठोकून इंचभर फट ठेवली आणि गच्चीला पांढरा चुना फासला, म्हणजे बरंचसं ऊन वरूनच परत. खरा फरक चुन्याने पडला. आई म्हणाली, “हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.” पावसाळ्यात मात्र तो धुऊन जातो, दरवर्षी नवा हात.