कार्बन-१३ची रोपं वाढवताना या चुका टाळा

९९ टक्के कार्बन-१३ (साध्या कार्बन-१२पेक्षा जड कार्बन) असलेला कार्बन डायऑक्साइड वापरूनही रोपाचं लेबल, म्हणजे त्याच्या कार्बनमधला कार्बन-१३चा वाटा, ८५ टक्क्यांवर अडकतं, तेव्हा दोष बहुधा गॅसचा नसतो. साधा कार्बन-१२ कुठून तरी आत शिरलेला असतो, आणि थोडा शिरला तरी फटका मोठा बसतो. सुक्रोजमध्ये कार्बनचे १२ अणू. लेबल ९८ टक्के असेल तर सुक्रोजचे सुमारे ७८ टक्के रेणू पूर्ण लेबल झालेले, म्हणजे बाराही अणू कार्बन-१३चे असलेले, मिळतात. ९० टक्क्यांवर फक्त २८.

आधी माध्यम तपासा. एमएस (मुराशिगे-स्कूग) या रोपं वाढवायच्या माध्यमात सवयीने १ ते ३ टक्के साखर पडते आणि रोप ती वापरतं. ती वगळा. माती, कोकोपीटही नको, त्यातले सूक्ष्मजीव रात्रंदिवस साधा, कार्बन-१२चा कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात. धुतलेलं पर्लाइट किंवा नुसतं पोषक द्रावण बरं. राजमा, वाटाण्यासारख्या मोठ्या बियांतला साठा पहिल्या पानांत उतरतो. ती पानं नमुन्यात घेऊ नका.

मग चेंबर, म्हणजे रोपं ठेवायची बंद पेटी. १०० लिटरच्या चेंबरमध्ये ४०० पीपीएम (दहा लाख भागांत ४००) म्हणजे जेमतेम ४० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड. उच्छ्वासात तो सुमारे ४ टक्के असतो, म्हणजे दार उघडून एक लिटर श्वास आत गेला की तेवढाच साधा वायू मिसळला! पाणी, खत नळीतूनच द्या. सुरुवातीला आतली हवा सोडा लाइममधून (तो कार्बन डायऑक्साइड शोषतो) फिरवा, मगच लेबलचा गॅस सोडा. त्याआधी रिकाम्या चेंबरमध्ये साधा वायू २००० पीपीएमपर्यंत भरून रात्रभर आकडा पाहा. उतरला तर गळती आहे. सिलिकॉनच्या नळ्या टाळा, त्यांच्या भिंतीतून हा वायू आरपार जातो.

सगळ्यात महागात पडते ती मापकाची चूक. साधे इन्फ्रारेड मापक ४.२६ मायक्रोमीटरच्या पट्ट्यावर बेतलेले असतात; कार्बन-१३चा पट्टा ४.३८ला सरकतो. मापक कमी दाखवतो आणि आपण महागडा गॅस ओतत राहतो. रिकाम्या चेंबरमध्ये मोजून गॅस सोडा आणि मापकाच्या आकड्याला कितीने गुणलं की खरा आकडा येतो, तो गुणक काढा. कार्बन-१२ आणि कार्बन-१३चं प्रमाण बदललं की हा गुणकही बदलतो, हे विसरू नका.

गॅस बायकार्बोनेटपासून करायचा तर कार्बन-१३च्या १ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेटमधून २५ अंशांना सुमारे २८८ मिलिलिटर मिळतो. ४० मिलिलिटरला ०.१४ ग्रॅम पुरे. आम्ल सल्फ्युरिक किंवा फॉस्फोरिक घ्या. हायड्रोक्लोरिकची वाफ पानांपर्यंत पोहोचते.

नायट्रोजन-१५ही (नायट्रोजनचा जड प्रकार) द्यायचा असेल तर होगलंड या पोषक द्रावणातलं कॅल्शियम नायट्रेट काढून कॅल्शियम क्लोराइड घाला, नाहीतर लेबल केलेल्या पोटॅशियम नायट्रेटच्या जोडीला साधा नायट्रोजन जातच राहील.

कापणी दिव्याखालीच करा. पानावर सावली पडली की कॅल्व्हिन चक्रातल्या (कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवणाऱ्या क्रियेतल्या) रेणूंचं प्रमाण काही सेकंदांत बदलतं. पान थेट द्रव नायट्रोजनमध्ये, मग उणे ८० अंशांवर. दळताना साधे नमुने आधी, लेबलचे नंतर.