घरगुती पेटवण निवडताना आणि साठवताना या चुका टाळा

आग पेटली नाही की लोक काडेपेटीला, लाकडांना किंवा वाऱ्याला दोष देतात. चूक मात्र बहुतेक वेळा कितीतरी आधी, घरातले पेटवण निवडताना आणि डब्यात भरताना झालेली असते. कापूस, सुतळी, वर्तमानपत्र, पुठ्ठा, कपडे वाळवण्याच्या यंत्राच्या जाळीत साचलेले तूस या साध्या वस्तू उत्तम पेटतात, पण त्या नीट निवडण्याइतका धीर फार थोड्यांकडे असतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे दमट पेटवण हवाबंद डब्यात कोंडणे. असा डबा बाहेरचा ओलावा आत येऊ देत नाही, तसाच आतला बाहेरही जाऊ देत नाही. कापूस, ताग आणि कागद हे मुख्यतः सेल्युलोजचे बनलेले असल्यामुळे ते हवेतली वाफ सतत शोषत असतात. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असताना हाताला पूर्ण कोरडा लागणारा कापूसही सुमारे सात टक्के पाणी बाळगून असतो, आणि तागात ते प्रमाण बारा टक्क्यांच्या आसपास जाते. काडीच्या ज्वालेपुढे एवढे पाणी टिकत नाही, पण फेरो रॉडच्या, म्हणजे खरवडल्यावर ठिणग्या उडवणाऱ्या धातूच्या कांडीच्या, ठिणगीची गोष्ट वेगळी आहे. ती सुमारे तीन हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकत असली तरी कणाएवढी असते आणि तिची बरीचशी उष्णता त्या पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते.

एका शिबिरात एक नवशिका सोबती सुतळीच्या तंतूंनी ठासून भरलेली काचेची बरणी मोठ्या अभिमानाने घेऊन आला होता. बरणी त्याने पावसाच्या दिवसांत भरली होती. सकाळी पाहिले तेव्हा रात्रीच्या गारव्याने झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक थेंब धरले होते आणि तंतू एकमेकांना चिकटून बसले होते. ठिणगी पडली की एखाद्या तंतूचे टोक क्षणभर लाल होई आणि तिथेच विझे. ते तंतू सुटे करून थोडा वेळ उन्हात पसरणे एवढाच उपाय होता, पण त्याने घाईने हँड सॅनिटायझरची बाटली काढली आणि सुतळीवर ओतली. अल्कोहोलची फिकट निळी ज्वाला दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे काहीच पेटले नाही असे समजून त्याने बाटली पुन्हा वाकवली आणि जाळ थेट बाटलीच्या तोंडाशी पोहोचला. मनगटावरचे केस होरपळण्यावर निभावले, हे त्याचे नशीब. अल्कोहोल जळून गेल्यावर सॅनिटायझरमधले पाणी मात्र सुतळीतच राहिले आणि ती पहिल्यापेक्षा ओली झाली. ज्वलनशील द्रव ओतून वेळ वाचवणाऱ्यांविषयी माझे मत त्या दिवशी आणखी वाईट झाले.

माझी सवय अशी आहे की कडक उन्हाच्या दुपारी सगळे पेटवण पातळ थरात पसरायचे आणि ऊन उतरण्यापूर्वीच भरून टाकायचे, कारण संध्याकाळच्या हवेत तेच तंतू पुन्हा ओलावा ओढू लागतात. मोठी बरणी मी वापरत नाही, कारण ती उघडली की सगळ्याच मालाला हवा लागते. एका वेळी पुरेल एवढ्या लहान पुड्या बांधणे कटकटीचे वाटते, पण त्यात एक पुडी बिघडली तरी बाकीच्या शाबूत राहतात. खोक्यात सापडलेल्या, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या जुन्या पुडीवरही भिस्त ठेवू नये. बराच काळ उघड्यावर राहिलेली पुडी आधीच पाण्याने भरलेली असते.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे मऊ आणि हलके दिसणारे सगळेच पेटवण समजणे. यंत्रातल्या तुसाची कीर्ती फार आहे, पण ते तूस कपड्यांइतकेच चांगले असते. सुती कपड्यांचे तूस झटकन पेट घेते. पॉलिस्टरचे तूस ठिणगी पडली की आक्रसते, सुमारे २६० अंशांना वितळते आणि त्याचे चिकट जळते थेंब कातडीवर पडले तर खोल भाजते. भरण्यापूर्वी चिमूटभर तूस चिमट्यात धरून जाळून पाहावे. जळक्या कागदाचा वास येऊन बोटांनी चुरडता येईल अशी मऊ राख उरली तर ते ठेवावे. ज्वालेपासून मागे सरून टोकाला कडक काळा मणी बनला तर फेकून द्यावे. सुतळी आणि कापसाच्या बोळ्यांनाही हीच परीक्षा लावावी, कारण दिसायला सारखे असणारे बोळे पुष्कळदा कृत्रिम धाग्याचे निघतात.

पेट्रोलियम जेलीत कापूस पूर्ण बुडवण्याची हौसही अनेकांना असते. जेली इंधनाचे काम करते आणि कापूस वातीचे, म्हणून कोरडे तंतूच उरले नाहीत तर ठिणगीला धरायला काही राहत नाही. जेली बाहेरून चोळावी आणि पेटवताना बोळा फाडून आतला कोरडा कापूस पिंजून वर काढावा. असा बोळा तीन-चार मिनिटे सहज जळतो, नुसता कापूस काही क्षणांत संपतो.

गुळगुळीत मासिकांच्या कागदावर खनिजाचा लेप असतो. असा कागद धुमसतो आणि राखेचे पापुद्रे सोडतो, म्हणून साधे वर्तमानपत्रच घ्यावे. कापूर उघड्या डबीत ठेवला तर तो न वितळताच हवेत उडून जातो. पेटवणाला लावायचे मेण थेट आचेवर वितळवू नये, पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून वितळवावे.

बारीक स्टील वूल (बॅटरीची टोके टेकताच पेटणारा पोलादी तंतूंचा पुंजका) आणि नऊ व्होल्टची बॅटरी एकाच पिशवीत ठेवणे म्हणजे पिशवीतच आग लावण्याची तयारी करणे होय. जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्या तर पेटवणाच्या डब्यात कधीच कोंबू नयेत, कारण ते तेल वाळताना हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून तापते आणि चुरगळलेल्या चिंध्यांचा गोळा ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतो. मी त्या पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून घराबाहेर ठेवतो.