माजी सैनिकाने युद्धावरचा एकपात्री प्रयोग कसा बांधावा

युद्धाविषयीचे आपले मत कसे पालटत गेले, हे माजी सैनिक रंगमंचावर मांडू लागला की संहितेत सर्वांत आधी उतरते ते त्याचे आजचे मत, आणि नाटक तिथेच संपते. साठीत आलेले शहाणपण पहिल्याच प्रवेशात सांगून टाकले, तर ते कोणत्या वाटेने आले हे पाहायला प्रेक्षक कशासाठी थांबेल? म्हणून लेखनाचा आरंभ विशीतल्या जवानापासून करावा आणि त्याचा उत्साह, त्याची रेजिमेंटवरची निष्ठा, प्रसंगी त्याचा भाबडेपणाही जराही थट्टा न करता उभा करावा.

श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेचा अनुभव या दृष्टीने विचारात घेण्यासारखा आहे. जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका करारानंतर आपल्या तुकड्या जाफन्यात पोहोचल्या, तेव्हा तिथल्या तमिळ नागरिकांनी हार घालून त्यांचे स्वागत केले. ऑक्टोबरमध्ये ‘ऑपरेशन पवन’ सुरू होऊन लिट्टे या सशस्त्र तमिळ बंडखोर संघटनेशी लढाई जुंपली, आणि मार्च १९९० मध्ये सेना परतली तोवर सुमारे बाराशे जवान कामी आले होते. ही कथा सांगताना ऑगस्टमधल्या जवानाला ऑक्टोबर ठाऊक नाही, हे पथ्य काटेकोरपणे पाळावे. ज्या दारात त्याने शहाळे घेतले, त्याच दारावर दोन महिन्यांनी तो झडतीसाठी थाप मारतो, असे दोन प्रवेश रचावेत. दाराची जागा आणि हाताची हालचाल दोन्ही वेळा तीच ठेवावी, फक्त दुसऱ्या वेळी रायफल कुठे आहे ते दिसू द्यावे. इथे निवेदनाचे एक वाक्यही जास्त होते.

घरी धाडलेली आंतरदेशीय पत्रे जपून ठेवलेली असतील, तर ती मूळ भाषेतच वाचावीत. ‘मी खुशाल आहे, काळजी नसावी’ ही ओळ आणि ती लिहिली त्या दिवशीची हकिकत शेजारी ठेवली की बदल आपोआप उमटतो. नेपथ्याला काळी पत्र्याची ट्रंक पुरते. ध्वनिमुद्रित गोळीबार टाळावा. तो बहुधा खोटाच वाटतो, आणि नटालाही त्रासदायक ठरू शकतो.

सत्तर मिनिटांपेक्षा लांबवू नये.

शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ निवृत्तीनंतरही लागू राहतो, त्यामुळे आधी प्रसिद्ध न झालेला कारवाईचा तपशील संहितेत घेऊ नये. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगापूर्वी रंगभूमी प्रयोग परीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते, तेव्हा तारीख ठरवण्याआधीच संहिता सादर करावी. शहीद सोबत्याचा उल्लेख असल्यास त्याच्या कुटुंबाला तो मजकूर आधी वाचून दाखवावा, आणि त्यांची इच्छा नसेल तर प्रसंग कितीही प्रभावी असला तरी वगळावा.

पहिले वाचन पलटणीतल्या दोघा-तिघांसमोर करावे. ते तपशिलातली चूक लगेच धरतात. पत्नीसमोर वाचायचे मात्र अनेक जण टाळतात, वास्तविक रजेवर आलेला माणूस कसा बदलत गेला हे तिनेच जवळून पाहिलेले असते. तालमीत एखाद्या प्रवेशाला आवाज दाटून येत असेल, तर दिग्दर्शकाशी थांबण्याची खूण ठरवून घ्यावी. तो प्रवेश दर वेळी असह्य होत असेल, तर काही काळ बाजूला ठेवून समुपदेशकाशी बोलावे. प्रयोग पुढेही लावता येतो.